मदत हवी आहे: जर्मन बी१ झालं, आता बी२ करू की इथेच थांबू?

रानवारा

गोएथे इन्स्टिट्यूटची बी१ परीक्षा झाली (ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांतली तिसरी; बी२ ही चौथी). शंभरपैकी गुण: वाचन ८७, लेखन ७९, बोलणं ७४, ऐकणं ६३. व्हिसा, प्रवेश, नोकरी यांपैकी कशासाठीही कुणी अमुक लेव्हल मागितलेली नाही. भाषा लागते ती तीन कामांना: यंत्रांची मॅन्युअल्स वाचायला, आठवड्यातून एकदा जर्मन टीमबरोबरच्या ऑनलाइन मीटिंगला, आणि जमलं तर पुढे कादंबऱ्या वाचायला. रोज साधारण तासभर देता येतो.

क्लासवाले म्हणतात, बी२ केल्याशिवाय भाषा आली असं म्हणूच नये. काही जण म्हणतात, बी१ भरपूर झालं. 'पुरेसं' कशावरून ठरवायचं? मोजायची काही पद्धत आहे का?

शब्दवेध

आधी एक गोष्ट बाजूला काढू. लेव्हल बाहेरून ठरलेली असेल तर चर्चेला जागाच नसते. जर्मन विद्यापीठं बहुतेक अभ्यासक्रमांना डीएसएच किंवा टेस्टडाफ या प्रवेशाच्या भाषापरीक्षांत ठरावीक श्रेणी मागतात: डीएसएच-२, किंवा टेस्टडाफच्या चारही भागांत टीडीएन ४. तिथे आपल्या मताला किंमत नाही. तुमचं तसं नाही, त्यामुळे 'बी१ की बी२' हा प्रश्नच मी सोडून देईन. युरोपच्या परिषदेनं २००१ साली ही सहा पायऱ्यांची चौकट आणली, तिच्यातही वाचणं, ऐकणं, बोलणं, लिहिणं यांची वर्णनं वेगवेगळी आहेत. एकाच माणसाचं वाचन बी२ आणि ऐकणं ए२ असू शकतं. प्रमाणपत्रावर एकच अक्षर छापलेलं असतं म्हणून आपण सगळं एका मापानं मोजायला लागतो.

तुमचेच गुण बघा. ऐकण्यात ६३ म्हणजे ३० पैकी १९ उत्तरं बरोबर, पास व्हायला १८ लागतात. त्या ३० पैकी १२ प्रश्न निव्वळ बरोबर-चूक प्रकारचे, म्हणजे अंदाजानंही निम्मे सुटतात. शिवाय चार भागांपैकी दोन भाग दोनदा ऐकवतात. मीटिंगमध्ये कुणी आपणहून दोनदा बोलत नाही. तेव्हा वाचनाचं बी१ भक्कम आहे, ऐकण्याचं बी१ कागदावर आहे.

आता मोजणी. वाचनासाठी जे खरोखर वाचायचं आहे त्याच्या मधल्या भागातून ३०० शब्दांचा उतारा घ्या. पहिलं पान नको, तिथे ओळखीचं सरधोपट लिखाण असतं. न थांबता वाचा आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा. विशेषनामं मोजू नका. जोडशब्दाचे तुकडे कळून अर्थ लागत असेल तर तोही मोजू नका. ६ पर्यंत रेघा म्हणजे ९८ टक्के शब्द ओळखीचे: कोशाशिवाय वाचता येईल. १५ पर्यंत म्हणजे ९५ टक्के: अधूनमधून कोश उघडून काम भागेल. त्यापलीकडे गेलं की वाचणं संपतं आणि उलगडणं सुरू होतं, दहा मिनिटांत माणूस दमतो. असे तीन उतारे करा, एकावर भरवसा नको.

ऐकण्यासाठी परवानगी घेऊन मीटिंगचं तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग मिळालं तर उत्तम, नाहीतर त्याच विषयावरची मुलाखत, पण लिखित संहिता असलेली. एकदाच ऐका आणि लिहून काढा: कोण काय करणार, कधीपर्यंत, आकडे कोणते, ठरलं काय. मग संहिता उघडून चुकलेल्या जागा दोन रकान्यांत टाका. एकात 'शब्दच माहीत नव्हता', दुसऱ्यात 'शब्द माहीत होता पण कानाला लागला नाही'. पुढे काय शिकायचं ते कुठला रकाना भरतो त्यावर ठरेल.

तळटीप

वरच्याला +१. इतर भाषांचे लोकही धागा उघडतील म्हणून थोडी भर. जपानीच्या जेएलपीटी या परीक्षेत बोलणं आणि लिहिणं तपासतच नाहीत. १८० पैकी ९० गुणांना, आणि प्रत्येक विभागात किमान १९ असतील तर, तिची एन२ ही वरून दुसरी पायरी पास होते. त्यामुळे एन२ झालेला माणूस फोनवर बोलू शकेलच असं नाही. यात परीक्षा खोटी ठरत नाही. ती जे तपासत नाही ते तिच्या नावावर खपवू नये, एवढंच.

तासांचाही विचार करा. केंब्रिजच्या परीक्षा मंडळानं इंग्रजीसाठी दिलेला अंदाज असा: शून्यापासून बी१ ला ३५० ते ४०० तास, बी२ ला ५०० ते ६००, सी१ ला ७०० ते ८००. हे शिकवणीचे तास आहेत. जर्मनचा आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण एकेक पायरी दीड-दोनशे तासांची आहे हे खरं. रोजच्या तासात ते पाच ते सात महिने होतात. एवढा वेळ चारही कौशल्यांत समान वाटायचा की जिथे अडतंय तिथे ओतायचा, हा तुमचा खरा निर्णय.

रानवारा

दोघांचे मनापासून आभार. मोजून पाहिलं. मॅन्युअलच्या तीन उताऱ्यांत रेघा ५, ८ आणि ६. कादंबरीच्या उताऱ्यात ३४! ऐकण्यात दुसरा रकाना बराच मोठा निघाला; शब्द माहीत होते, निसटले. यातून काय ठरवू?

शब्दवेध

मॅन्युअलचं वाचन तुमच्या कामाला पुरेसं आहे. तिथे आता एक मिनिटही घालवू नका, कामात वाचाल तेवढ्यानं ते टिकेल.

कादंबरी वेगळ्या डोंगरावर आहे. गोएथेची बी१ शब्दयादी साधारण २४०० नोंदींची. शब्दसंपदेचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ साली इंग्रजीसाठी केलेल्या हिशेबात कादंबरी आणि वर्तमानपत्रासाठी ९८ टक्क्यांना ८ ते ९ हजार शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब) लागतात. जर्मनचे आकडे तंतोतंत तेच नसतील, पण अंतर केवढं आहे ते कळतं. बी२चा कोर्स हे अंतर भरून काढत नाही. ते भरतं भरपूर वाचूनच, तेही आधी सोप्या केलेल्या पुस्तकांपासून. 'जमलं तर' म्हणताय, तर सध्या ते बाजूला ठेवा.

सगळा जोर ऐकण्यावर. दुसरा रकाना भरतोय, म्हणजे नवे शब्द पाठ करून काही फरक पडणार नाही. जर्मनमध्ये कान नेमका कुठे चुकतो ते सांगतो. 'इश झागं फ्यूर डोनर्सटाग त्सू' म्हणजे गुरुवारी येतो. 'इश झागं फ्यूर डोनर्सटाग आप' म्हणजे गुरुवारी जमणार नाही. सगळं वाक्य सारखं, होकार-नकार शेवटच्या एका अक्षरात. मराठीतही 'नाही' शेवटीच येतं, त्यामुळे थांबून ऐकायची सवय आपल्याला आहे. पण इथे 'झागं' ऐकल्याबरोबर मन 'सांगतो' असा अर्थ लावून मोकळं होतं आणि शेपटाकडे लक्ष राहत नाही.

रोज एकाच रेकॉर्डिंगचे दोन मिनिटांचे तुकडे घ्या. आधी संहितेशिवाय, मग संहिता समोर ठेवून, मग वाक्य थांबवून शेवटच्या तुकड्यासकट मोठ्यानं म्हणा, मग पुन्हा संहितेशिवाय. वेग कमी करू नका. वेग कमी केला की जोडून बोललेले आवाज सुटे होतात, आणि नेमके तेच तर पकडायला शिकायचंय.

तळटीप

मीटिंगसाठी बोलण्याचाही एक तुकडा आहे. ७४ गुणांवर तुम्ही मुद्दा मांडू शकता. अडतं ते न कळल्यावर काय करायचं तिथे. चार-पाच वाक्यं इतकी घोटून ठेवा की विचार न करता तोंडात येतील: तारीख पुन्हा सांगाल का, म्हणजे अमुक काम आमच्याकडे, बरोबर ना, शेवटचा भाग निसटला. 'पुन्हा सांगा' एवढंच म्हटलं तर समोरचा सगळं तसंच, तितक्याच वेगात सांगतो. नेमकं काय निसटलं ते विचारलं तर तेवढंच उत्तर मिळतं, आणि मीटिंगही तुटत नाही.

मीटिंगपुरतं पुरेसं कधी म्हणायचं, तेही आत्ताच लिहून ठेवा. मी असं ठेवेन: मीटिंग संपल्यावर कोण-काय-कधी एवढं टिपून काढायचं आणि टीमच्या इतिवृत्ताशी ताडून पाहायचं. लागोपाठ चार वेळा त्यात एकही निर्णय किंवा तारीख चुकली नाही, तर ऐकण्याचा खास सराव थांबवायला हरकत नाही. बारीकसारीक गप्पा निसटल्या तरी चालेल, त्या या मापात धरू नका. चारांत एकदा जरी तारीख चुकली तरी मोजणी पुन्हा एकपासून.

रानवारा

इतिवृत्त दुसऱ्या दिवशी ईमेलनं येतंच, त्यामुळे ताडून पाहणं सोपं आहे. बी२च्या बॅचला येत नाही असं कळवते. संहितेसह जर्मन मुलाखती कुठे मिळतील, माहीत असेल तर सांगा.

शब्दवेध

डॉइचं वेले या जर्मन प्रसारणसंस्थेच्या, भाषा शिकणाऱ्यांसाठीच्या विभागात बातम्या सावकाश आणि मूळ वेगात, दोन्ही प्रकारे मिळतात, मजकुरासह. मूळ वेगाच्या घ्या. मात्र बातमीत एकच माणूस वाचून दाखवतो. दोघं-तिघं एकमेकांना तोडत बोलतायत असं ऐकायला हवं असेल तर जर्मन वाहिन्यांचे चर्चेचे कार्यक्रम जर्मन सबटायटल्ससह बघा. सबटायटल्स कधी कधी वाक्यं आटोपशीर करून देतात, त्यामुळे शब्द न शब्द जुळला नाही तर चूक तुमच्या कानाची समजू नका.