हक्काची पेन्शन की गळ्यातलं दावं? लंडनचे पोलीस, 1839 ते 1890

चंद्रशेखर_व (धागाकर्ता)

पेन्शन असली की पोलीस सचोटीने वागतो, असं आपण सर्रास ऐकतो, आणि दाखला दिला जातो तो लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांचा. तिथली एकोणिसाव्या शतकातली हकीकत पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: 1890 पर्यंत लंडनच्या शिपायाला मिळत होती ती पेन्शन नव्हतीच. त्याच्याच पगारातून वळलेलं दावं त्याच्या गळ्यात बांधलं होतं.

रॉबर्ट पीलने 1829 साली हे दल उभारलं. शिपायाला पगार आठवड्याला 21 शिलिंग. माणसं टिकेनात. पहिल्या क्रमांकाचा शिपाई विल्यम ॲटकिन्सन पहिल्याच दिवशी दारू प्यायलेला सापडला आणि बडतर्फ झाला. मग 1839 च्या कायद्याने निवृत्ती निधी आला. पगारातून शंभराला अडीचपर्यंत सक्तीची कपात. 15 ते 20 वर्षं नोकरी झालेल्याला फार तर अर्धा पगार, 20 च्या पुढे फार तर दोन-तृतीयांश. किमान किती, ते कुठेच बांधून दिलेलं नाही. साठीच्या आत निवृत्त व्हायचं तर शरीर किंवा मन कामाला निकामी झाल्याचा दाखला हवा. एवढं सगळं जमलं तरी द्यायची की नाही हे वरिष्ठांच्या मर्जीवर.

एकोणीस वर्षं इमानेइतबारे गस्त घातली आणि विसाव्या वर्षी एखाद्या अधिकाऱ्याशी वाजलं, तर पेन्शन गेली आणि कापलेले पैसेही निधीतच राहिले. याला सोय म्हणायचं का?

दिनानाथ_रा

साफ असहमत. त्या काळच्या इंग्लंडमध्ये गोदी कामगार, शेतमजूर, गिरणीतला कामकरी म्हातारा झाला की काय होत होतं? 1834 च्या कायद्यानंतर त्याच्यापुढे एक दार कायम उघडं होतं, ते अनाथ-गरिबांच्या वर्कहाऊसचं. सर्वांसाठी वृद्धापकाळाची पेन्शन 1908 च्या कायद्याने आली, पैसे 1909 च्या जानेवारीत हातात पडले, तेही सत्तरीनंतर आणि आठवड्याला 5 शिलिंग. त्याच्या सत्तर वर्षं आधी एका साध्या शिपायाला अर्ध्या पगाराची आशा तरी होती. शेजारच्या मजुराच्या नजरेने बघा, मग दावं वगैरे शब्द सुचणार नाहीत.

आणि मर्जीचं म्हणाल, तर ज्या दलात पहिलाच शिपाई झिंगलेला सापडतो तिथे वरिष्ठांच्या हातात काहीतरी वचक हवाच.

रोहिणी_स

दोघांनीही निधीत पैसा कुठून येत होता ते पाहिलेलं दिसत नाही. मला तरी सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं.

पगारातली कपात एक. शिपाई आजारी पडला की कापलेला पगार, तो दुसरा. गैरवर्तनासाठी शिपायांना केलेले दंड तिसरे. रस्त्यात दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यांना आणि पोलिसांवर हात टाकणाऱ्यांना कोर्टाने केलेल्या दंडातला वाटा चौथा. शिवाय जुने झालेले गणवेश विकून येईल ते.

आता याचा अर्थ लावा. आजारपण आणि शिक्षा, दोन्हींतून सोबत्यांच्या म्हातारपणाची तरतूद होत होती. दारुड्याला पकडणाऱ्याच्या पेन्शनची थैली त्याच दारुड्याच्या दंडातून भरत होती. एखाद्या शिपायाने त्या लोभाने कुणाला धरलं असेल असा आरोप मी करत नाही. पण ज्याने ही व्यवस्था आखली त्याला यात वावगं दिसलं नाही, याचं मला वाईट वाटतं. आणि एवढे झरे जोडूनही 1850 च्या दशकात लंडनचा निधी आटला! तूट सरकारी तिजोरीने आणि करदात्याने भरली. चंद्रशेखर, "त्याच्याच पगारातून" हे म्हणून अर्धंच खरं आहे.

गस्तवाला

माझे वडील पोलीस खात्यात हवालदार होते, त्यामुळे एकच मुद्दा. लंडनमध्ये दलातली बहुसंख्य माणसं रात्रपाळीला असत, ठरावीक चालीने, ताशी अडीच मैल. आठ तास म्हणजे वीस मैल, पावसात, धुक्यात. ही चाल वीस वर्षं चालल्यावर गुडघे आणि छाती किती शिल्लक राहतात? अशा माणसाला साठीची अट घालणं आणि डॉक्टरपुढे उभं करून "अजून चालतोय की" म्हणणं हा अन्याय आहे. दिनानाथराव, तुलना मजुराशी करायची तर मजुराला रात्रीचे वीस मैल सक्तीने चालवत नव्हते हेही लिहा.

दिनानाथ_रा

गुडघ्यांचा मुद्दा मान्य. पण मग 1890 चं श्रेय कुणाला, तेही नीट बघू. लोक म्हणतात संपाने हक्क मिळवला. 1890 च्या जुलैत लंडनच्या बो स्ट्रीट ठाण्यातल्या शिपायांनी कामावर जायला नकार दिला, रस्त्यावर घोडदळ आणावं लागलं आणि 39 जण बडतर्फ झाले, हे खरं. पण पेन्शनचा वाद त्याआधीच वर पोचला होता. आयुक्त जेम्स मन्रोने जूनमध्येच राजीनामा दिला. गृहमंत्री हेन्री मॅथ्यूजशी त्याचं पेन्शनवरून बिनसलं होतं (एका नेमणुकीवरूनही). हा मन्रो पूर्वी बंगालचा पोलीस महानिरीक्षक, आणि लंडन सोडल्यावर पुन्हा बंगालात राणाघाटला येऊन त्याने दवाखाना चालवला. स्वतःची खुर्ची शिपायांच्या पेन्शनपायी सोडणारा आयुक्त मला तरी दुसरा ठाऊक नाही.

चंद्रशेखर_व

मन्रोला मुजरा. पण त्याच्या पाठीशी संतापलेलं दल उभं होतं, म्हणूनच त्याच्या राजीनाम्याला वजन आलं. त्या 39 जणांनी नोकरी आणि पेन्शन दोन्ही गमावली, त्यांना श्रेयातून वगळू नका.

1890 च्या कायद्याने 25 वर्षांनंतर पेन्शन हक्काची झाली, 26 वर्षांनी दोन-तृतीयांशपर्यंत. तरी दावं पुरतं सुटलं नाही. निवृत्त शिपाई चोरांच्या संगतीत दिसला, किंवा गुन्ह्याच्या तपासात त्याने पोलिसांना माहिती द्यायचं नाकारलं, तर पेन्शन काढून घेता येत होती. म्हणजे घरी बसलेल्या माणसावरही पहारा.

रोहिणी_स

आणि बायकोचं काय? नवरा कर्तव्यावर झालेल्या दुखापतीने गेला तरच विधवेला पेन्शन. न्युमोनियाने गेला तर हक्क शून्य, जमलंच तर एकरकमी काहीतरी, तेही मर्जीवर. रात्रीच्या गारठ्यात छाती भरून मेलेला शिपाई कर्तव्यावर मेला नाही, असं कायद्याचं म्हणणं! विधवांची पेन्शन मिळाली ती 1918 च्या ऑगस्टमधल्या पोलीस संपानंतर. चंद्रशेखर आणि दिनानाथ, तुम्हा दोघांच्या मांडणीत ती बाई अजून कुठेच नाही.

दिनानाथ_रा

नाही, हे खरं. पुढचा प्रतिसाद लिहिताना ती बाई धरूनच लिहितो.

मात्र चंद्रशेखर, आपल्याकडचाही विचार करा. 1871 चा पेन्शन कायदा म्हणतो की पेन्शनसाठी सरकारविरुद्ध दिवाणी दावा लावता येणार नाही. म्हणजे लंडनमध्ये 1890 ला हक्क झाला, इथे मात्र उपकारच राहिला. पेन्शन ही खैरात नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने देवकीनंदन प्रसाद खटल्यात म्हटलं ते 1971 साली, आणि डी. एस. नकारा यांच्या खटल्यात पुन्हा 1982 साली.

तरी माझा मूळ आक्षेप कायम आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातही पोलिसाला पेन्शन होती. 1902-03 च्या अँड्र्यू फ्रेझरच्या पोलीस आयोगाला तरीही दल भ्रष्ट आणि जुलमी असल्याचं नोंदवावं लागलं, आणि शिपायाचा पगार किमान 8 रुपये करा अशी शिफारस करावी लागली. पंचवीस वर्षांनी मिळणाऱ्या पैशाने आजची चूल पेटत नाही. सचोटी हवी असेल तर आधी पगार वाढवा, आणि ज्याला तो महिन्याच्या महिन्याला पुरतो त्याच्या पेन्शनवर मग वाद घालू.