वीरमाता: मान पुत्रशोकाचा की भुयाराचा?

बखरकीडा: व्हिएतनामने १९९४ मध्ये 'वीरमाता' पदवी सुरू केली. २०१२ पर्यंतचे निकष मुख्यतः मुलांचे: तीन किंवा अधिक हुतात्मा, किंवा एकुलतं एक गेलेलं. मध्य व्हिएतनाममधल्या दिएन बानच्या न्ग्युएन थी थु यांची नऊ मुलं गेली हे सगळ्यांना पाठ. त्यांच्या परसात पाच गुप्त भुयारं होती, ते मात्र जाता जाता सांगितलं जातं. अमेरिका आणि दक्षिण व्हिएतनामच्या सायगाव सरकारविरुद्ध लढणाऱ्या कम्युनिस्ट क्रांतिकारकांना लपवणं हे काम होतं. पदवीत त्याला रकानाच नाही.

तांबडमाती: काम किती, तेही बघा. दोन माणसांचा खड्डा खणणं सोपं, माती जिरवणं अवघड. उकरलेली माती फुगते आणि खालच्या थराचा रंग वेगळा असतो. म्हणून रातोरात टोपल्यांनी ओढ्यात किंवा बॉम्बच्या खड्ड्यात. झाकण चुलीखाली, डुकरांच्या खोपट्यात नाहीतर बांबूच्या बेटात. हवेसाठी पोकळ बांबू, त्याचं तोंड वारुळात दडवलेलं. झाकणावरचा हिरवा पाला सुकला की नेमका तेवढाच चौकोन पिवळा पडतो, म्हणजे पाला सतत बदलत राहायचा. सैनिक लोखंडी सळया खुपसत फिरत; सळई भसकन आत गेली की संपलं.

सरकारदप्तर: पदवीत भुयार नाही हे कबूल. पण सरकारने दखलच घेतली नाही, हे चूक. १९९४ च्याच सवलतींच्या अध्यादेशात 'क्रांतीला मदत करणारे' हा वेगळा वर्ग आहे. मात्र त्यासाठी सन्मानपत्र किंवा पदक हातात लागतं.

बखरकीडा: तिथेच तर मेख आहे! चोरून केलेल्या कामाचा साक्षीदार म्हणजे लपलेला माणूस. तोच मेला, तर कागद कोण देणार?

उलटतपासणी: दार खुशीने उघडलं, हे तुम्ही सगळे धरूनच चाललात. सायगाव सरकारच्या १९५९ च्या १०/५९ कायद्यात खास लष्करी न्यायालयं देहदंड देऊ शकत. दुसरीकडे खबऱ्या ठरलेल्यांना क्रांतिकारकही मारत. मध्यरात्री दार वाजल्यावर 'नाही' म्हणायची सोय होती का?

तांबडमाती: धाकाने एक रात्र आसरा मिळेल. वर्षानुवर्षं पाला बदलायला धाक पुरत नाही.

उलटतपासणी: पुरतो की. पोटचा पोरगा त्यांच्याच तुकडीत असला, म्हणजे वेगळा धाक घालायलाच लागत नाही.