मदत हवी आहे : परवाना असूनही लिपुलेख खिंडीपर्यंत जाता येत नाही

तापीकाठ :
आम्ही कालपासून उत्तराखंडातील धारचुल्यात अडकून पडलो आहोत. परवाना हातात असूनही गाडीवाला खिंडीच्या अलीकडच्या नाभीढांग या तळाच्या पुढे यायला तयार नाही. तिबेटच्या सीमेवरील या खिंडीपर्यंत रस्ता झाल्याच्या बातम्या सर्वांनीच वाचल्या आहेत. उद्या पहाटे निघायचे आहे, तेव्हा कोणाला भेटावे हे कृपया आजच सांगावे.

केळीबाग_रावेर :
परवाना कोणता, हेच आपण लिहिलेले नाही. धारचुल्याच्या प्रांत कार्यालयातून मिळणारा इनर लाइन (सीमाभागात जाण्याचा) परवाना असेल, तर तो आदि कैलास आणि ओम पर्वत पाहण्यापुरता असतो. सोबत कोण आहे?

तापीकाठ :
तोच परवाना. सोबत आई आहे, वय ७२. तिला कैलासाचे दर्शन घ्यायचे आहे, हे वेगळे सांगायला हवे का?

वाटसरू_धुळे :
आपण सिक्कीममधील नाथू ला खिंडीच्या मार्गाने कैलास-मानसरोवर यात्रेला जायला हवे होते. २०२५ मध्ये तिकडून ५० जणांच्या १० तुकड्या गेल्या, लिपुलेखमार्गे पाचच.

केळीबाग_रावेर :
भाऊ, कैलास-मानसरोवर यात्रेची वयोमर्यादा ७० आहे आणि ती दोन्ही मार्गांना लागू आहे. विचारले काय, सांगता काय!

निवृत्त_मास्तर :
अडवणूक गाडीवाल्याची नाही. इंग्रज आणि नेपाळ यांच्यातील १८१६ च्या सुगौली तहाने काली नदी नेपाळची पश्चिम सीमा ठरली. परंतु नेपाळ लिंपियाधुराकडून येणाऱ्या प्रवाहाला काली मानतो आणि भारत कालापाणीजवळच्या झऱ्यांना, त्यामुळे मधला सारा मुलूख वादात आहे. मे २०२० मध्ये रस्त्याचे उद्घाटन झाले आणि त्याच महिन्यात नेपाळने हा भाग आपल्या नकाशात दाखवला. खिंडीपलीकडे तर तिबेटच आहे.

वाटसरू_धुळे :
मास्तर, आईंना नकाशा पाहायचा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जुन्या लिपुलेखवरून, म्हणजे आपल्याच हद्दीतून, यात्रेकरूंना कैलासदर्शन घडवले होते. त्याची चौकशी करावी.

केळीबाग_रावेर :
ती जागा १८ हजार फुटांवर आहे. भुसावळच्या उन्हातून निघालेल्या ७२ वर्षांच्या बाईंना तिथे चढवायचे? उंचीची सवय व्हावी म्हणून वाटेतल्या गुंजी गावात किती मुक्काम केलेत?

तापीकाठ :
एकही नाही. एका दिवसात नाभीढांग पाहून परतायचे ठरले होते. आईने चांगदेवच्या संगमावरून तापीचे पाणी तांब्यात आणले आहे. तोंडाला फडके बांधलेला तो तांब्या ती जीपमध्येही खाली ठेवत नाही. ते कैलासाला वाहायचे, एवढेच तिने धरून ठेवले आहे.

निवृत्त_मास्तर :
मग गुंजीला दोन रात्री राहावे आणि तिथून कालापाणीला जावे. ज्या उगमावरून एवढा वाद आहे, तिथेच कालीमातेचे मंदिर आहे. तापीचे पाणी तिथे वाहिले तर आई नाही म्हणणार नाहीत.

तापीकाठ :
विचारले. आधी गप्प बसली, मग मंदिराशी गाडी थांबते का, असे म्हणाली.

केळीबाग_रावेर :
थांबते. वाटेत तपासणी असते, तेव्हा परवाना आईंच्या पिशवीत न ठेवता स्वतःच्या खिशात ठेवावा.