जुन्या सागवानी बोटीला किती अश्वशक्तीचे इंजिन बसवावे?

प्रश्न (दिवाळे, बेलापूर): आमच्या बोटीची पाण्यातली लांबी 36 फूट आहे. चार सिलिंडरचे इंजिन आता फार ऑइल खाते, त्यामुळे 1 जूनपासूनच्या मासेमारीबंदीत ते बदलायचे आहे. जवळजवळ दुप्पट ताकदीचे सहा सिलिंडरचे इंजिन घेतल्यास खाडीतून बाहेर पडण्याचा वेळ कमी होईल का?

उत्तर (करावे गाव): फारसा होणार नाही. अशा जड बोटीचा वेग तिच्या लांबीने ठरतो: फुटांतील लांबीचे वर्गमूळ काढून त्याला 1.34 ने गुणले की नॉट (समुद्रातल्या वेगाचे माप) मिळतात. तुमच्या बोटीला ते साधारण 8 येतात. त्यापुढे बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू पाहते आणि वाढीव ताकद त्या लाटेतच जिरते. वापरात आलेल्या प्रत्येक अश्वशक्तीमागे तासाला जवळपास पाव लिटर डिझेल धरा, म्हणजे 50 अश्वशक्ती जादा ओढलीत तर 12 लिटरांच्या आसपास तेल दर तासाला उगाच जळेल. उलट्या पाण्यासाठी थोडी राखीव ताकद हवीच, पण दुप्पट नको. माझ्या मते तो पैसा गिअरबॉक्सवर घालावा. इंजिनाचे फेरे अधिक कमी करून देणारा गिअर आणि त्याला साजेसा, पठाणाखाली (बोटीच्या तळाच्या मुख्य लाकडाखाली) मावेल तेवढा मोठा पंखा (बोट ढकलणारा प्रोपेलर) घेतलात, तर जाळे ओढताना फरक हाताला कळेल. जुनाच पंखा ठेवल्याने भरल्या बोटीवर इंजिन कंपनीने नेमून दिलेल्या मिनिटाच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचत नसेल आणि काळा धूर सोडत असेल, तर त्या पंख्याचा भार त्याला जास्त होतो आहे, हे नक्की समजा.

उत्तर (सारसोळे): नाखवा, वरील मताशी मी सहमत आहे. ठाणे खाडीच्या पाण्यात गाळ इतका असतो की खारे पाणी थेट आत घेणाऱ्या इंजिनाचा पंप लवकर झिजतो, म्हणून तळाबाहेरील नळ्यांतून गोडे पाणी थंड करणारी रचना विचारून घ्या. इंजिनाखालची लाकडे कुजली नाहीत ना, ते टोचून पाहा. शाफ्टची (इंजिनापासून पंख्यापर्यंतच्या दांड्याची) शेवटची जुळणी मात्र बोट पाण्यात उतरवून, लाकूड फुगल्यावरच करून घ्या. कपलिंगच्या (गिअरबॉक्स आणि शाफ्टच्या जोडाच्या) दोन तबकड्यांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चारही बाजूंनी मोजायला लावा, कारण सुक्यावर बरोबर बसलेली शाफ्ट तरंगत्या बोटीत सरकलेली असते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. चार सिलिंडरचेच नवे इंजिन घेतो आणि पंख्याचे माप आधी काढून घेतो. परवान्यावर काही बदल लागेल का?

उत्तर (करावे): होय, नवा इंजिन क्रमांक आणि अश्वशक्ती नोंदणीत व परवान्यावर चढवून घ्या, नाहीतर डिझेलच्या कर-परताव्याच्या वेळी कागद जुळणार नाहीत.