धुणं, मोरी आणि पाणी: तुमच्या घरचे अनुभव लिहा

"बाथरूमच्या टाइल्स पांढऱ्या पडतात, काय करू?" असं कुणी विचारलं की दहा जण दहा बाटल्या सुचवतात. तुमच्याकडे पाणी कुठलं येतं, हे मात्र कुणी विचारत नाही. माझं माहेर पुण्यातल्या कसब्यात. तिथे खडकवासल्याचं पाणी, साबण हाताला लागायचा अवकाश की फेस. आता राहते वाघोलीत. उन्हाळ्यात टँकर, एरवी बोअर. साबण तोच, हात तेच, पण इथे टॉवेल वाळला की पापडासारखा उभा राहतो. नळाच्या बुडाशी पांढरं कडं आणि शॉवरच्या निम्म्या भोकांतून पाणी भलतीकडेच.

तर इथे लिहिताना आधी पाणी सांगा, मग फरशी सांगा, आणि घासतं कोण तेही सांगा. शेवटचं मुद्दाम विचारते आहे. "रोज वायपर मारला की प्रश्नच येत नाही" हे वाक्य मी आजवर वायपर न मारणाऱ्यांकडूनच ऐकलं आहे.

लिटमस (संगमनेर)
पाणी विहिरीचं, टाइल्स सिरॅमिकच्या, घासतो आम्ही दोघं. निवृत्त शिक्षक आहे, तेव्हा थोडं शिकवून घेतो. शाळेत दुष्फेन पाणी शिकलात ते हेच. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून चिकट साका करतं. बादलीच्या कडेला राखाडी थर बसतो तो मळ कमी आणि हा साका जास्त. पाणी तापलं की विरघळलेला क्षार कार्बोनेट होऊन खाली बसतो, म्हणून गिझरची कॉइल आणि गरम पाण्याचा नळ आधी खराब होतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, वर्ष २०१२) कठीणपणा (म्हणजे हाच दुष्फेनपणा) लिटरला २०० मिलीग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असं आहे.

घरी पाहायचं तर बाटलीत अर्धं पाणी घ्या, अंघोळीच्या साबणाचा कीस टाका आणि हलवा. फेस आला तर बरं, दह्यासारखे कण तरंगले तर समजून जा.

उपाय: किराणा दुकानातलं सुटं लिंबूसत्व, लिटरभर कोमट पाण्याला दोन मोठे चमचे. पिशवीत भरून शॉवरच्या तोंडाला रबराने बांधा. तासाभराने जुन्या टूथब्रशने घासा. कपड्यांसाठी आंबट काही नको. पावडर टाकायच्या आधी बादलीत चिमूटभर धुण्याचा सोडा टाका, पाणी मऊ होतं आणि पावडर कमी लागते. रेशीम आणि लोकर मात्र सोड्यापासून लांब ठेवा, त्यांना रिठाच.

काथ्या (सोलापूर)
सर, तुमचं लिंबूसत्व आमच्या मोरीत नको! आमच्याकडे शहाबादी आहे. तो चुनखडीचाच दगड, आंबट पडलं की फसफसतो. कडप्प्याचंही तेच, कोट्याचंही तेच. आम्ही या वाड्यात आलो तेव्हा आधीच्या बिऱ्हाडाने सायकलवरच्या फेरीवाल्याकडून सुटं ॲसिड घेऊन मोरीचा एक कोपरा अक्षरशः खाऊन टाकला होता. बाकीची फरशी पायाला तुळतुळीत, आणि त्या कोपऱ्यात बोट फिरवलं की खरखर. साबणाचा मळ नेमका तिथेच धरतो. मळ दिसला की माणूस पुन्हा ॲसिड ओततो, दगड आणखी खरबरीत होतो. फरशीच्या सांध्यातलं सिमेंटही त्यातच जातं, मग खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल येते आणि भांडण आपल्या दारात.

मी काय करते: रात्री गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवून ओतून ठेवते, सकाळी नारळाच्या काथ्याने घासते, भरपूर पाणी मारते. खरी मेख पुढे आहे. शेवटची अंघोळ झाली की खराट्याने पाणी काढून फरशी सुकू द्यायची. साचलेलं पाणी जिथे वाळतं तिथे क्षार बसतो. आमच्याकडे हे काम शेवटी अंघोळ करणाऱ्याचं. त्यामुळे सगळ्यांना लवकर अंघोळ करायची सवय लागली आहे.

नळकोंडाळं (लातूर)
तुम्ही डागांचं बोलताय, मी पाण्याचंच बोलते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी धुण्याचा कायदा होता. जीन्स बंद, चादरी बंद. एकाच बादलीत आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी. ते काळं पाणी संडासाला. विसळलेलं पाणी झाकून ठेवायचं, दुसऱ्या दिवशीचं धुणं त्यात भिजायचं. धाकट्या भावाला टबात उभं करून अंघोळ, आणि टबातलं पाणी फरशी पुसायला.

धुण्याची पावडर आईच्या ताब्यात. ती चहाच्या चमच्याने मोजून द्यायची, कारण फेस जास्त म्हणजे विसळायला पाणी जास्त. मला तेव्हा ते कंजूषपणाचं वाटायचं, पण कपडे स्वच्छ निघत होते हे खरं. आता मशीन आहे, तरी तिचा पाइप आई बादलीत सोडते. पाइप उंच उचलून धरला की पाणी नीट बाहेर पडत नाही, एवढंच सांभाळायचं. बादली जमिनीवर ठेवायची, टेबलावर नाही.

पडवी (राजापूर)
आमची तक्रार उलटी. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी इतकं मऊ की साबण अंगावरून सुटतोय असं वाटतच नाही. क्षार नाही, पण जुलैत कपडेच वाळत नाहीत. पूर्वी चुलीवरच्या दांडीला टाकायचो, शाळेच्या गणवेशाला धुराचा वास यायचा. आता थोडे थोडे कपडे धुते, मशीनमध्ये दोनदा पिळून घेते आणि पंख्याखाली मोकळे पसरते. कुबट वास येतो तो कपडा फार वेळ ओला राहिल्याने, त्यावर सुगंधी पाणी ओतून काही होत नाही. मागच्या पायरीवरच्या शेवाळाला ब्लीचिंग पावडर आणि खराटा. सासरे त्या पायरीवरून घसरल्यापासून हे काम कुणी टाळत नाही.

वायपरवाला (ठाणे)
घासतो मी. पुरुष आहे, नोंद घ्यावी.

निळं झाकण
मी रुग्णालयात काम करते. राजापूरच्या ताईंनी ब्लीचिंग पावडरचं लिहिलं, वर ॲसिडचंही आलं, म्हणून कळकळीने सांगते, हे दोन्ही एकत्र कधीही नको. संडासाच्या क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, आणि ते ब्लीचला भेटलं की क्लोरीन वायू निघतो. खिडकी बंद असलेल्या मुंबईच्या बाथरूममध्ये माणूस तिथेच गुदमरतो. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि कामाच्या मावशींना नुसतं "दोन्ही टाका, चकचकीत होईल" असं सांगू नका. त्यांच्या हाताला हातमोजे आहेत का, तेही एकदा बघा.

ग्लासगोकर
आधी लंडनला होतो, आता ग्लासगोला. लंडनचं पाणी खडूच्या थरांमधून येतं, तिथे किटलीत पांढऱ्या खपल्या निघायच्या. ग्लासगोला लॉक कॅट्रिन तलावाचं पाणी, इतकं मऊ की किटली वर्षानुवर्षं स्वच्छ. पण आमच्या घरी मोरीच नाही हो! बाथरूमच्या जमिनीला भोक नाही. आई आली तेव्हा तिने सवयीने बादलीभर पाणी फरशीवर मारलं आणि घरातले सगळे टॉवेल कामी आले. वापरलेली हवा ओढणारा पंखा अंघोळीनंतरही चालू ठेवावा लागतो, नाहीतर टबच्या कडेचं सिलिकॉन काळं पडतं.

वाघोली (धागाकर्ती)
सगळ्यांना उत्तर देतेच. मध्ये एक विचारते. आमचा गावाकडचा फ्लॅट महिनोन्महिने बंद असतो. उघडला की बाथरूममधून गटाराचा वास आणि झुरळं. दरवेळी फिनेल ओततो.

जाळीवाला (डोंबिवली)
प्लंबिंगची कामं घेतो. ताई, फिनेलने काही होणार नाही. जाळीखाली नाहणी ट्रॅप असतो, त्यात कायम थोडं पाणी थांबलेलं असतं. तेच गटाराचा वास अडवतं. फ्लॅट बंद राहिला की ते वाळतं आणि रस्ता मोकळा. निघताना प्रत्येक जाळीत दोन तांबे पाणी ओता, वरून चमचाभर गोडेतेल, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. बेसिन आणि कमोडलाही पाणी सोडा. शेजाऱ्याकडे चावी असेल तर अधूनमधून ओतायला सांगा. आणि जाळी उचलून आतली उलटी वाटी आहे का बघा. पुष्कळ घरांत पाणी तुंबलं म्हणून कुणीतरी ती काढून माळ्यावर टाकलेली असते.