पत्त्यांच्या टेबलाला कठडा किती उंच ठेवावा?

आंजर्लेकर
नमस्कार मंडळी. घरी पोकर खेळायला आठ जणांचं अष्टकोनी टेबल करून घेतोय, कडेपासून समोरच्या कडेपर्यंत ५२ इंच. प्लाय आला, हिरवं कापड मुलाने मागवलं. गाडी अडलीय ती कठड्यापाशी. कोपर टेकायला कडेने उंच पट्टी असते, रेल म्हणतात, ती. कापडापासून किती वर घ्यायची? व्हिडिओत कोणी एक इंच सांगतो, कोणी अडीच. आमच्या सुतारबुवांना कठडा म्हटल्यावर ते माडीच्या जिन्याचा समजले. बजेट मजुरीसकट १८ हजार. गणपतीआधी टेबल पडवीत उभं राहायला हवं. २०२० च्या निसर्ग वादळात पडलेल्या फणसाच्या फळ्या माळ्यावर आहेत, जमलं तर त्याच वापरीन.

मालवणचो झिल
टेबल कित्याक होया तुका? आमी गणपतीत खळ्यात घोंगडी हांतरून रातभर खेळतव. कठडो नाय, काय नाय.

मूळचा देवरुखचा
मी गेल्या वर्षी पूर्ण सागवानी करून घेतलं. अडीच इंच कठडा, आतून एलईडी पट्टी, प्रत्येकाला पेला ठेवायला स्टीलची वाटी. ८५ हजार गेले, पण येणारा प्रत्येक जण विचारतो कुठून आणलं. १८ हजारांत काय होणार? थोडं थांबा, पण एकदाच चांगलं करा.

चिपळूणची ताई
अडीच अजिबात नको! आमच्या ह्यांनी हौसेने तीन इंच केला होता. टेबल ३० इंच, वर तीन, म्हणजे कोपर ३३ वर. खुर्ची नेहमीची, १८ इंची. मी पाच फुटांच्या आतली. तासाभरात खांदे कानाला लागले. शिवाय पोकरमध्ये पत्ते टेबलावरच ठेवून कोपरा उचलून बघायचे असतात. एवढ्या उंच कठड्यावरून हात खाली सोडायचा म्हणजे मनगट वाकडं, आणि नीट बघायला पत्ता जास्त उचलला की शेजाऱ्याचं फावतं. शेवटी करवत लावली. आता दीड आहे, सुखी आहे.

रत्नागिरी कॅरम
कॅरमच्या फ्रेमची उंची नियमाने पाऊण ते एक इंच. तेवढ्यात सोंगटी बाहेर जात नाही तर पत्ता कुठून जाईल? फोमबिम सगळी थेरं. पॉलिश मारा, विषय संपला.

गुहागरचा भाऊ
सोंगटी सरपटते, पत्ता उडतो. आणि कॅरमवर कोपर टेकून चार तास कोण बसतं?

रत्नागिरी कॅरम
स्पर्धा खेळलाय कधी?

लांज्याचा कुशनवाला
धंदाच हा आहे म्हणून सांगतो. १८ एमएम प्लायची पट्टी, वर इंचभर फोम, वर रेक्झिन, म्हणजे न दाबता पावणेदोन इंच. कोपर टेकल्यावर किती बसेल ते फोमवर. हलका घेतलात तर दोन वर्षांत कठडा नुसत्या प्लायचा. हिरव्या कापडाखाली सहा एमएमचा पातळ फोम घालणार असाल तर आणखी पाव इंच वजा धरा. म्हणून आधी कापड ताणून बसवा, कठडा शेवटी.
आणि नुसता कठडा मोजत बसू नका. जमिनीपासून कठड्याच्या माथ्यापर्यंत मोजा. माथा ३० च्या आसपास आला की खांदे तक्रार करत नाहीत. मग कापड खाली गेलं तरी चालेल, फक्त गुडघ्यांना २४ इंच मोकळे सोडा.

दापोली कोर्टाजवळ
टेबल कराल हो, पण १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून आहे, एवढं लक्षात असू द्या.

गुहागरचा भाऊ
रमी कौशल्याची आहे असं सुप्रीम कोर्टाने कधीच म्हटलंय.

दापोली कोर्टाजवळ
रमीला म्हटलंय. इथे पोकर चाललाय. आणि रमीतसुद्धा घरमालक नफा काढायला लागला की गोष्ट वेगळी.

आंजर्लेकर
अहो, काजूच्या बियांवर खेळतो आम्ही. हरेल त्याने भाजून द्यायच्या. कठड्याचं बोला!

वाडीचा
पत्त्यांचा विषय निघालाच आहे तर सावंतवाडीची गंजिफा घ्या एकदा. दशावतारी संचात १२० पत्ते, गोल, हाताने रंगवलेले. त्यांना कठडा लागत नाही.

मुरुडवाला
दीड इंच. डोळे झाकून. (वर कोणी सांगितलं असेल तर माफ करा, सगळं वाचलेलं नाही.)

हर्णै बंदर
उंचीवर एवढी हमरीतुमरी, पिनांचं कोणी बोलेना. माझ्या टेबलाला साध्या स्टेपल पिना मारल्या होत्या. एका पावसात गंजल्या, रेक्झिनवर तांबडे ओघळ, कापडाला बुरशी. खाऱ्या वाऱ्यात स्टेनलेसच हव्यात. आणि कठडा फेविकॉलने चिकटवू नका, खालून बोल्ट घ्या. पावसाळ्यात सोडवून माळ्यावर टाकता येतो, शिवाय उंची कमी वाटली तर खाली पट्टी सरकवा, झालं. माझा चिकटवलेला आहे. रोज बघतो आणि गप्प बसतो.

मूळचा देवरुखचा
सागवानाला यातलं काही होत नाही.

हर्णै बंदर
पिना सागवानाच्या आहेत का तुमच्या?

आंजर्लेकर
काम झालं, म्हणून कळवतो. मतं दीडला जास्त पडली, तरी मी दोन ठेवला. फळ्या दोन इंची निघाल्या. सुतारबुवा रंधा घेऊन बसलेच होते, मीच हात धरला. आजोबांनी लावलेला फणस तो, त्याचा भुसा करायला जीव होईना. फोम नाही, रेक्झिन नाही, आतली धार गोल करून नुसतं तेल. पायच दीड इंच कापून घेतले, त्यामुळे माथा साडेतीसवर आला. खाली गुडघ्यांना २४ च्या थोडं वर उरतं. बोल्ट पितळी. सगळं मिळून १४ हजार ६००. कुशनवाल्यांचा फोम तेवढा विकला गेला नाही.

लांज्याचा कुशनवाला
महिन्याभराने कोपरं दाखवा, मग बोलू.

चिपळूणची ताई
दोन?! मला बोलवाल तेव्हा खुर्चीवर दोन उशा ठेवा.

मालवणचो झिल
मी येतंय. घोंगडी माझी, काजू तुझे.