क्रिप्टो वापरणाऱ्यांवर सरकारची नजर : कुठपर्यंत चालेल?

मिऱ्याबंदर

आमच्या वाडीतली बरीच पोरं शिपिंगला आहेत. सुट्टीवर आली की गप्पा क्रिप्टोवर (बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनावर) जातात आणि एक समज पक्का असतो : "यात नाव नसतं, कोणाला कळत नाही." सरकारचाही सूर तोच, फक्त उलट्या बाजूने : यात नाव नसतं, म्हणून सगळ्यांवरच नजर हवी. माझ्या मते दोघांचाही पायाच चुकलाय, आणि सरकारची चूक आपल्याला जास्त महाग पडेल.

बिटकॉइनमध्ये जानेवारी 2009 पासूनचा प्रत्येक व्यवहार जाहीर नोंदलेला आहे, कोणीही बघावा. बोटीवर नंबर रंगवलेला असतो ना, तसा त्यातला पत्ता, म्हणजे नाणी जिथे येतात-जातात तो अक्षर-आकड्यांचा खातेक्रमांक. दर्यात बोट कुठे फिरते ते दुर्बीणवाल्या कोणालाही दिसतं, आणि जेटीला लागली की मालकही कळतो. इथे जेटी म्हणजे एक्सचेंज, क्रिप्टो विकत घेण्या-विकण्याचा ऑनलाइन बाजार. तिथे पॅन, आधार, सेल्फी दिल्याशिवाय रुपये बँकेत येत नाहीत. नंबर आणि नाव एकदा जुळलं की त्या पत्त्यावरच्या मागच्या सगळ्या फेऱ्या उघड.

त्यावर आपल्याकडे काय काय चढलंय बघा. 1 जुलै 2022 पासून विक्रीवर 1 टक्का टीडीएस. 7 मार्च 2023 पासून एक्सचेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू, म्हणजे केवायसी, संशयास्पद व्यवहार फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवणं, नोंदी पाच वर्षं सांभाळणं. 2025 च्या आयकर कायद्यात तर झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला पासवर्ड बाजूला सारून ई-मेल आणि ऑनलाइन खाती उघडण्याचा अधिकार दिलाय, आणि झडतीची मंजुरी खात्यातले वरिष्ठच देतात, न्यायाधीश नाही.

ऑगस्ट 2017 च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यात हात घालायचा तर कायदा हवा, उद्देश रास्त हवा आणि उपाय प्रमाणात हवा. कायदा आहे, उद्देशही मान्य. प्रमाण कोण तपासतंय? ज्याच्यावर संशय आहे त्याची माहिती न्यायाधीशाच्या परवानगीने घ्या, एवढंच माझं मागणं आहे.

खाडीपट्टा

पूर्ण विरोध. मी श्रीवर्धन तालुक्यातला आहे. 1993 च्या सुरुवातीला शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं आणि 12 मार्चला मुंबईत 257 माणसं गेली. आमच्या गावांवर तो शिक्का अजून आहे. गुपचूप फिरणारा पैसा काय करतो हे आम्हाला पुस्तकात वाचायला लागत नाही.

आणि आजचं बघा. टेलिग्रामवर ग्रुप, रोज नफ्याचे स्क्रीनशॉट, आणि निवृत्त माणूस ग्रॅच्युइटी घालून बसतो. ते पैसे चार-पाच बँक खात्यांतून फिरून यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेली क्रिप्टो) होतात आणि देशाबाहेर जातात. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लागेपर्यंत निम्मं गेलेलं असतं. तुमचा न्यायाधीश परवानगी देईस्तोवर उरलेलंही जाईल. ज्याने कष्टाचे पैसे टाकलेत त्याला सरकारने बघितलं तर काय बिघडतं?

मिऱ्याबंदर

शेखाडीचं दुःख मलाही आहे, पण त्या खटल्यात काय सिद्ध झालं ते आठवा. कस्टम्समधल्या आणि पोलिसांतल्या माणसांनी पैसे घेऊन माल जाऊ दिला आणि त्याबद्दल त्यांना शिक्षा झाल्या. तिथे नजर होती, ती विकली गेली. म्हणून तर बघणाऱ्यावरही कोणीतरी हवा म्हणतोय.

जवळचं उदाहरण पुण्याचं. गेनबिटकॉइन या बिटकॉइन गुंतवणुकीच्या घोटाळ्यात पोलिसांनी क्रिप्टो शोधायला दोन तज्ज्ञ घेतले होते, त्यातला एक माजी आयपीएस अधिकारी. मार्च 2022 मध्ये पुणे पोलिसांनी त्या दोघांनाच अटक केली. आरोप काय, तर आरोपींच्या वॉलेटमधली (डिजिटल पाकिटातली) क्रिप्टो स्वतःकडे वळवली. उद्या एका जागी लाखो लोकांच्या शिलकी दिसायला लागल्या, तर त्या कोणाकोणाला दिसतील?

कलमवालो_देवगड

माका कायद्यातला जास्त कळणा नाय, पण घडला ता सांगतंय. माझ्या भाच्यान पीटूपीवर, म्हणजे सरळ दुसऱ्या माणसाक, यूएसडीटी विकल्यान. घेणाऱ्यान पाठवलेले पैसे खयच्यातरी फसवणुकीतले निघाले. भाच्याक म्हायतसुद्धा नाय. तिसऱ्याच राज्यातल्या पोलिसांनी सांगितला म्हणान बँकेन खाता गोठवल्यान, ता पण ऐन आंब्याच्या सीझनात. पेटये भरूक, गड्यांची मजुरी देवक पैसे नाय. बँक म्हणता पोलिसांक विचारा, पोलीस फोन उचलणत नाय. चोर खय ऱ्हवलो आणि सजा कोणाक झाली?

सीए_चिपळूण

भाच्याचं वाईट वाटलं. पण अनोळखी माणसाकडून खात्यात पैसे घेणं धोक्याचंच, आमच्याकडे अशी प्रकरणं येतात.

कराबद्दल स्पष्ट बोलतो. क्रिप्टोच्या नफ्यावरचा 30 टक्के दर जड आहे, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करू न देणं हा तर अन्यायच. तरी नफा झालाय तर तो विवरणात दाखवायलाच हवा. 2025 मध्ये आयकर खात्याने क्रिप्टो न दाखवलेल्यांना ई-मेल पाठवले ते टीडीएसच्या नोंदी विवरणाशी जुळवून. ही पाळत नव्हे. पगारावर, मुदत ठेवीवर हेच होतं आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

बोटीवरून

मी सध्या जहाजावर आहे, नेट मिळालं म्हणून लिहितोय. सरकारला माझा पगार कळला तर कळू दे. मला भीती आहे त्या कागदांची. मे 2025 मध्ये कॉइनबेस या अमेरिकी एक्सचेंजने कबूल केलं की ग्राहकसेवेतल्या परदेशी कंत्राटी माणसांना लाच देऊन ग्राहकांची नावं, पत्ते, ओळखपत्रांचे फोटो चोरले गेले. 2020 मध्ये लेजर या हार्डवेअर वॉलेटवाल्या (क्रिप्टोच्या किल्ल्या ठेवायचं छोटं यंत्र बनवणाऱ्या) कंपनीच्या लाखो ग्राहकांचा तपशील फुटला, त्यात कित्येकांचे घरचे पत्ते होते. जानेवारी 2025 मध्ये फ्रान्समध्ये त्याच कंपनीच्या एका संस्थापकाला पळवून नेलं आणि खंडणीसाठी त्याचं बोट कापलं.

माझ्या घरी आईबाबा दोघंच. वाडीतली अर्धी घरं गणपती आणि शिमगा सोडला तर बंद असतात. माझं नाव, घरचा पत्ता आणि शिल्लक एका यादीत असेल तर मी इथे समुद्रात असताना दारात कोण येईल? बँकेतला पैसा चोराला एका बटणावर नेता येत नाही, क्रिप्टो येते आणि परत मिळत नाही. म्हणून पगाराच्या नोंदीचा दाखला इथे लागू पडत नाही. पाच वर्षं कागद ठेवायला लावता, मग ते फुटले तर भरपाई कोण देणार तेही त्याच कायद्यात लिहा.

खाडीपट्टा

भरपाई पाहिजे, मान्य. पण ती कंपनीकडून घ्या, त्यासाठी तपासाचे हात कशाला बांधता? आणि मिऱ्याबंदर, टॉर्नेडो कॅशवर बोला, म्हणजे अनेकांची क्रिप्टो एकत्र मिसळून माग पुसणाऱ्या सेवेवर. ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकेने त्यावर निर्बंध घातले तेव्हा सांगितलं होतं की उत्तर कोरियाच्या लाझारस या हॅकर टोळीने चोरलेले 45 कोटी डॉलरहून जास्त त्यातून धुतले गेले. मोनेरो या क्रिप्टोत तर पाठवणारा, घेणारा, रक्कम सगळंच झाकलेलं. ही साधनं कोणासाठी आहेत?

मिऱ्याबंदर

चोरासाठीही आहेत आणि बोटीवरच्या या मुलासाठीही. टॉर्नेडो कॅशचा एक प्रोग्रामर अलेक्सी पर्त्सेव, त्याला नेदरलँड्समध्ये मे 2024 मध्ये 64 महिन्यांची शिक्षा झाली. पुढे अमेरिकेच्या अपील कोर्टाने ते निर्बंध अधिकाराबाहेरचे ठरवले आणि मार्च 2025 मध्ये सरकारने ते उठवले. म्हणजे हा प्रश्न तिकडेही सुटलेला नाही.

तपासाच्या वेगाचं म्हणाल तर मे 2021 मध्ये कोलोनियल पाइपलाइन या अमेरिकेतल्या इंधनवाहिनी कंपनीने हॅकरना 75 बिटकॉइन खंडणी दिली. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यातले 63.7 एफबीआयने परत मिळवले, तेही न्यायालयाचं वॉरंट घेऊन. त्यांना माग जाहीर नोंदीतूनच लागला.

आणि बारसू विसरू नका. एप्रिल 2023 मध्ये तिथे रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणाला विरोध करणाऱ्या बायाबापड्यांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. उद्या अशा आंदोलनाला कोणी चाकरमान्याने मुंबईहून पैसे पाठवले तर त्याचं नाव कोणाच्या टेबलावर जाईल? कॅनडात फेब्रुवारी 2022 मध्ये ट्रकवाल्यांच्या आंदोलनावेळी खाती गोठवली, क्रिप्टोचे पत्तेही यादीत घातले. तो आणीबाणीचा वापर अवाजवी होता असं तिथलं कोर्ट जानेवारी 2024 मध्ये म्हणालं. तोवर खाती गोठवून झाली होती.

खाडीपट्टा

बारसूचा मुद्दा मी टाळत नाही. तिथे पोलीस चुकले असं माझंही मत आहे. मग असं करा : पोलिसांनी संशयित रक्कम लगेच गोठवावी, पण फक्त तेवढीच रक्कम, अख्खं खातं नाही. तीन दिवसांत दंडाधिकाऱ्याकडून मंजुरी नाही आली तर आपोआप सुटावी. देवगडच्या भाच्याचा सीझनही बुडणार नाही आणि माझ्या ओळखीच्या निवृत्त मास्तरांचे पैसेही देशाबाहेर जाणार नाहीत.

मिऱ्याबंदर

तेवढीच रक्कम गोठवायची, हे मला चालेल. त्यात आणखी एक घाला : माझी माहिती कोणत्या अधिकाऱ्याने कधी उघडली त्याची नोंद ठेवा आणि तपास संपल्यावर ती मला कळवा.

खाडीपट्टा

नाही, हे नाही चालणार. यूएसडीटीच्या साखळीत वीस माणसं असतात. एकाचा तपास संपला म्हणून त्याला कळवलंत तर उरलेले एकोणीस त्याच रात्री पत्ते बदलतील. नोंद ठेवा, पण ती न्यायाधीशाला दाखवा, खातेदाराला नको.